हवामान बदल आणि अल्पभूधारक शेतकरी: जुळवून घेण्याची जोखीम कोणाच्या वाट्याला येते?

सुमेधा

जगात सुमारे ६० कोटी शेते आहेत आणि त्यांपैकी ८४ टक्के शेते दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. या सगळ्या लहान शेतांकडे मिळून जगातल्या शेतजमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमीन आहे, आणि तरीही जगाच्या अन्नाचा साधारण एक तृतीयांश वाटा त्यांतून येतो. यांतली बहुसंख्य शेते आशिया आणि आफ्रिकेतल्या विकसनशील देशांत आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तर लागवडीखालचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र केवळ पावसावर अवलंबून आहे.

हवामान बदलावरच्या बहुतेक अहवालांत या शेतकऱ्यांना दिलेला सल्ला सारखाच असतो: नवे वाण लावा, पेरणीची तारीख बदला, विमा काढा, पिकांत विविधता आणा. यांतला प्रत्येक सल्ला आपापल्या जागी योग्य असेल. पण ज्याच्याकडे जमिनीचा एकच तुकडा आणि वर्षातला एकच हंगाम आहे, त्याच्यासाठी असा प्रत्येक बदल हा प्रयोग असतो आणि तो फसला तर घरातले वर्षाचे धान्य जाते. माझे मत असे आहे की जुळवून घेण्याची जबाबदारी आपण अशा माणसावर टाकतो आहोत, ज्याची चूक पचवण्याची ताकद सर्वांत कमी आहे. त्याने नेमके काय करायचे, आणि ते फसले तर किंमत कोणी मोजायची, यावर येथील जाणकारांनी आणि शेती करणाऱ्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

कोरडवाहू

मी स्वतः पावसावरची शेती करतो, म्हणून पहिल्या भागापुरते लिहितो. बाहेरच्या लोकांना वाटते की पाऊस कमी झाला म्हणून शेतकरी अडचणीत येतो. आमची खरी अडचण पावसाच्या वेळेची आहे. पहिला पाऊस चांगला झाला, वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल झाली, की पेरणी करावीच लागते, कारण थांबले तर हंगाम मागे पडतो. बियाणे उगवून दोन पानांवर येते आणि पावसाचा खंड पडतो. आठवडाभर रोप तग धरते, मग दुपारी माना टाकते, मग सकाळीही मान वर करत नाही. कधी याच्या उलट होते. पेरणीनंतर लगेच झोडपणारी सर येते, तिच्या मागोमाग कडक ऊन पडते आणि जमिनीवर पापडी धरते. बी उगवलेले असते, पण कोंब त्या पापडीखाली वाकडा होऊन पिवळा पडतो.

मग दुबार पेरणी. दुसरे बियाणे बहुधा उधारीचे असते, आणि उशीर झालेला असल्यामुळे पीक फुलोऱ्यात येते तेव्हा पाऊस परतलेला असतो. अशा वर्षी हंगामाच्या शेवटी आकडा काढला तर एकूण पाऊस सरासरीइतका भरलेला असू शकतो, आणि कागदोपत्री त्या वर्षी दुष्काळ नसतो.

पर्जन्यमापक

कोरडवाहू यांनी जे वर्णन केले त्यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जास्त जोराने पडतो, हे आता बहुतेकांना माहीत असते. पाऊस नसतो तेव्हा हीच हवा जमिनीतून आणि पानांतून पूर्वीपेक्षा जास्त पाणी ओढून घेते, याची चर्चा मात्र कमी होते. म्हणून पंधरा दिवसांची जी उघडीप पूर्वी पीक सहन करत असे, तीच आज त्याला मारक ठरू शकते.

त्यात ही उष्णता कोणत्या दिवसांत येते याला फार महत्त्व आहे. मक्याचे उदाहरण घ्या. झाडाच्या शेंड्याला तुरा येतो आणि त्यातून परागकण पडतात. खाली कणसाला रेशमासारखे केस फुटतात आणि त्यांवर परागकण पडले तरच दाणा धरतो. पाण्याचा ताण पडला की तुरा जवळजवळ वेळेवर येतो, पण केस बाहेर पडायला उशीर होतो आणि तोवर परागकण गळून गेलेले असतात. असे कणीस बाहेरून हिरवेगार दिसते. सोलल्यावर आत दाण्यांच्या जागी रिकाम्या ओळी दिसतात. आफ्रिकेतील मक्याच्या हजारो चाचण्यांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या प्रत्येक अंश-दिवसामागे (म्हणजे एक दिवसभर एक अंश जास्त उष्णता) उत्पादन सुमारे एक टक्क्याने आणि दुष्काळी स्थितीत १.७ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले.

भातात दिवसाइतकीच रात्रही महत्त्वाची असते. फुलोऱ्याच्या दिवसांत तापमान ३५ अंशांच्या वर गेले की दाणे पोचट राहतात, हे परिचित आहे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील २००४ च्या अभ्यासात असेही दिसले की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढल्यास उत्पादनात सुमारे दहा टक्के घट येते. उकाड्याच्या रात्री झाड श्वसनात जास्त साठा खर्च करते, हे त्याचे एक कारण मानले जाते. रात्रीच्या उष्णतेवर शेतकऱ्याच्या हातात कोणताही उपाय नाही.

वैशाखी

पर्जन्यमापक यांच्या प्रतिसादाशी सहमत. रात्रीच्या तापमानाचा मुद्दा सर्वसाधारण चर्चेत कधीच येत नाही.

दिगंत

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक धोका दिसतो. गरीब देशांतल्या शेतीच्या प्रत्येक दुखण्याला हवामान बदल हे कारण देऊन टाकले की सरकारे आणि बाजारपेठा दोन्ही मोकळे सुटतात. व्हिएतनाममधील मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात खारे पाणी आत शिरून भातशेतीचे नुकसान होते आहे. २०१५-१६ आणि २०१९-२० या दोन्ही हंगामांत ते फार झाले. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरे. पण त्याच नदीवर वरच्या बाजूला धरणे बांधली गेली, पात्रातून अमाप वाळू काढली गेली आणि भूजलाचा इतका उपसा झाला की जमीनच खचते आहे. लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये भारतात आढळली. तिचे मूळ अमेरिका खंडात आहे आणि ती वाऱ्याइतकीच व्यापाराच्या वाटेने पसरते. खत नाही, रस्ता नाही, साठवण नाही, जमिनीचे तुकडे वाटण्यांमुळे लहान होत चालले आहेत, ही कारणे हवामानाच्या आधीपासून आहेत. आधी ती दूर करा. उरलेला प्रश्न बराच लहान असेल, असे माझे मत आहे.

पर्जन्यमापक

मेकाँगबद्दल तुम्ही लिहिलेले सर्व बरोबर आहे. उरलेला प्रश्न लहान असेल हे मात्र मला मान्य नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६१ पासूनच्या शेती उत्पादकतेची तुलना हवामान बदल नसलेल्या काल्पनिक जगाशी केली होती. तंत्रज्ञान सुधारत असतानाही जगाची उत्पादकता सुमारे २१ टक्क्यांनी कमी राहिली आणि आफ्रिकेत ही घट सुमारे ३४ टक्के निघाली. म्हणजे खते, वाण आणि यंत्रे यांनी जे मिळवून दिले त्याचा मोठा हिस्सा हवामानाने मागच्या दाराने काढून घेतला. शिवाय तुम्ही मोजलेली कारणे आणि हवामान वेगवेगळी चालत नाहीत. साठवणीची सोय नसलेल्या घरात ताणाखाली वाढलेला मका किंवा भुईमूग येतो तेव्हा त्यावर विषारी बुरशी वाढण्याचा धोका जास्त असतो. २००४ मध्ये केनियात अशाच मक्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली होती.

दिगंत

साठवणीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे मी म्हणेन. कोरडे कोठार बांधण्यासाठी हवामान परिषदेची वाट पाहावी लागत नाही.

अनुराधा

सुमेधा यांच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे फसल्यावर किंमत कोणी मोजायची, त्याबद्दल लिहिते. मी पीकविम्याच्या क्षेत्रात काम करते. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मलावीचे उदाहरण नीट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

मलावीच्या सरकारने आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी संघाशी संलग्न संस्थेकडून दुष्काळाचा विमा घेतला होता. यात शेतात जाऊन नुकसान मोजले जात नाही. उपग्रहाने टिपलेला पाऊस एका संगणकीय प्रारूपात घातला जातो, पीक किती आले असेल आणि किती लोकांना झळ बसली असेल याचा अंदाज निघतो, आणि तो ठरावीक मर्यादेच्या पलीकडे गेला तर भरपाई मिळते. २०१५-१६ च्या हंगामात एल निनोमुळे तीव्र दुष्काळ पडला. एप्रिल २०१६ मध्ये सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली आणि ६५ लाखांच्या आसपास लोकांना अन्नाची मदत लागेल असा अंदाज निघाला. प्रारूपाचे उत्तर मात्र असे होते की भरपाई देण्याइतके नुकसान झालेले नाही.

पडताळणी केल्यावर कारण सापडले. शेतकरी जास्त दिवसांचा मका लावतात असे प्रारूपात गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात बहुतेकांनी कमी दिवसांत तयार होणारा मका लावायला सुरुवात केली होती. दोन्ही वाणांचा फुलोरा वेगवेगळ्या दिवसांत येतो, त्यामुळे ज्या खंडाने शेतातला मका मारला, तो प्रारूपातल्या मक्याच्या नाजूक काळात आलाच नव्हता. चूक दुरुस्त करून नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे ८० लाख डॉलर मंजूर झाले. तोवर भुकेचे कितीतरी महिने उलटून गेले होते.

कमी दिवसांचे वाण लावणे हाच तर आपण सगळे शेतकऱ्यांना देत असलेला सल्ला आहे. त्यांनी तो प्रत्यक्षात आणला होता आणि त्याची दखल विम्याच्या कागदावर कोणीही घेतली नव्हती.

वैशाखी

हे वाचून फार वाईट वाटले. मग पावसाच्या किंवा उपग्रहाच्या निर्देशांकावर चालणारा विमा निरुपयोगीच म्हणायचा का?

अनुराधा

तसे नाही. लहान शेतांवर प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून पंचनामा करायचा तर त्याचा खर्च हप्त्यापेक्षा जास्त होतो, म्हणून निर्देशांकाला पर्याय फारसा नाही. उत्तर केनियात २०१० मध्ये मार्साबित भागात पशुपालकांसाठी असा विमा सुरू झाला. उपग्रहातून दिसणाऱ्या चराईच्या हिरवेपणावर तो आधारलेला आहे. सुरुवातीला जनावरे मेल्याच्या अंदाजावर भरपाई मिळे. पुढे चारा आटू लागताच पैसे देण्याकडे त्याची रचना वळवली, म्हणजे चारा विकत घेऊन जनावर जगवता येते. भरपाई किती मिळाली याइतकेच ती कोणत्या आठवड्यात मिळाली हेही महत्त्वाचे असते.

रानवाट

विमा आणि बियाणे यांच्यापलीकडे, जे शेतकऱ्यांनी स्वतः उभे केले त्याकडेही पाहावे. नायजर देशाच्या दक्षिण भागात १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे तोडणे थांबवले, त्यांतले दोन-चार सरळ धुमारे राखले आणि बाकीचे छाटले. रोपवाटिका नाही, पाणी घालणे नाही, कारण मुळे जमिनीखाली आधीपासूनच जिवंत होती. ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी मराडी भागात हे काम सुरू केले आणि पुढे ते शेतकऱ्यांकडून शेतकऱ्यांकडे पसरले. सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडे उभी राहिली. त्यांतल्या गाओ नावाच्या बाभूळवर्गीय झाडाचा गुण असा की ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवे असते, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही आणि जनावरांना उन्हाळ्यात शेंगा मिळतात.

पण हे आधी का झाले नाही? वसाहतकाळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार झाड शेतात असले तरी मालकी सरकारची होती. झाड वाढवले तर तोडल्याबद्दल दंड होण्याची भीती, म्हणून शेतकरी धुमारा वाढूच देत नसत. वनखात्याची ती सक्ती प्रत्यक्षात सैल झाली तेव्हा झाडे वाढू लागली. हवामानाशी जुळवून घेण्याचा मार्ग तिथे मालकीच्या प्रश्नातून गेला.

शेजारच्या बुर्किना फासोत शेतकरी यकूबा सवाडोगो यांनी झाई ही जुनी पद्धत सुधारली. कोरड्या दिवसांत दगडासारख्या झालेल्या जमिनीत वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत घालायचे. वाळवी त्या खताकडे येते, बिळे करते आणि त्या बिळांतून पहिल्या पावसाचे पाणी आत मुरते. त्यांनी अशा जमिनीवर पिकांबरोबर रानही उभे केले. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. परंतु जवळच्या शहराचा विस्तार झाला तेव्हा त्यांच्या रानाचा काही भाग घरांच्या आखणीखाली गेला. जमिनीचा कस वाढवणाऱ्याच्या हातात जमिनीचा हक्क नसेल तर त्याच्या श्रमाचे फळ दुसराच घेऊन जातो.

नदीकाठ

रानवाट यांचा प्रतिसाद मोलाचा आहे, त्यात एक भर घालते. झाईचे खड्डे कडक उन्हात हाताने खणावे लागतात आणि हेक्टरी काही हजार खड्डे लागतात. जिथे पुरुष मजुरीसाठी शहराकडे गेलेले आहेत, तिथे हे काम बायकांच्या अंगावर येते, आणि पाणी व सरपण आणण्याचे अंतरही दुष्काळात वाढलेलेच असते. जमीन त्यांच्या नावावर नसते, म्हणून कर्ज मिळत नाही आणि विम्याच्या यादीतही त्यांचे नाव नसते. जुळवून घेणारी व्यक्ती एक आणि लाभार्थी म्हणून नोंदलेली व्यक्ती दुसरी, असे कितीतरी ठिकाणी घडते.

बांगलादेशात पुराच्या भागांत जलपर्णीचे थर रचून त्यांवर भाजीपाल्याची रोपे घेतात. ही तरंगती शेती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये तिला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. बुडीत सहन करणारा भातही आता आहे. सब-१ हे जनुक असलेले वाण साधारण दोन आठवडे पूर्ण पाण्याखाली राहून पुन्हा उभे राहते. पण पाणी महिनाभर साचले तर ते वाण कामाचे नाही, आणि त्या पाण्याबरोबर मीठ आले तर वेगळेच वाण लागते. शेतकऱ्याला पेरताना यंदा कोणते संकट येणार हे माहीत नसते.

माळरान

या सगळ्यावर रासायनिक खते पूर्ण सोडून देणे हाच उपाय आहे, असे मला वाटते. मातीतला सेंद्रिय अंश वाढला की ती पाणीही धरून ठेवते.

दिगंत

सेंद्रिय अंशाबद्दल सहमत, पण एका फटक्यात सोडण्याबद्दल नाही. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. भाताचे उत्पादन घसरले, चहालाही फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. तोवर लहान शेतकऱ्यांचे नुकसान होऊन गेले होते. सुमेधा यांनी मांडलेला मुद्दा येथे मला पूर्ण पटतो: प्रयोग सरकारने केला आणि त्याची किंमत शेतकऱ्याने भरली.

सुमेधा

दिगंत, आभार. पैशांबद्दल एक आकडा येथे नोंदवते. २०१७-१८ मध्ये हवामानासाठी जगभरात जो वित्तपुरवठा झाला, त्यातला जेमतेम १.७ टक्के हिस्सा लहान शेतकऱ्यांपर्यंत पोचेल अशा कामांसाठी होता. हवामान बदलाची झळ बसलेल्या गरीब देशांना भरपाई देण्यासाठीच्या हानी आणि नुकसान निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल शेख येथील हवामान परिषदेत झाला आणि २०२३ मध्ये दुबईत त्याची रचना ठरली, पण आफ्रिकेसारख्या, उत्सर्जनात अत्यल्प वाटा असलेल्या खंडाच्या गरजेपुढे तो फार तोकडा आहे. कर्जे काढून, जनावर विकून, मुलांची शाळा थांबवून शेतकरी स्वतःच या बदलाचा खर्च भरत आहेत, आणि तो खर्च कुठल्याही परिषदेच्या हिशेबात धरला जात नाही याची मला चीड येते.

रानवाट

पेरूमधील कुस्कोजवळच्या डोंगरांत शेतकरी बटाट्याची लागवड वरवर सरकवत आहेत, कारण खालच्या उतारांवर ऊब वाढून कीड आणि करपा चढू लागला. त्यांच्याकडे शेकडो देशी वाण आहेत, म्हणून आजवर निभावले. पण डोंगराला शेवटी माथा असतो आणि माथ्याजवळ जमीन थोडी असते.

कोरडवाहू

चर्चा मूळ प्रश्नाकडे आणतो. नवे वाण किंवा नवी पद्धत करून पाहायला आम्ही तयार नसतो, असे जे म्हटले जाते ते खरे नाही. ज्या वर्षी घरात धान्य असते त्या वर्षी माणूस एखादी पट्टी नव्या वाणाची लावून बघतोच. इथिओपियात २००५ पासून एक सुरक्षा योजना चालते, ज्यात लाखो गरजू कुटुंबांना दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत बंधारे, चर अशा सामूहिक कामांच्या बदल्यात धान्य किंवा रोख मिळते. ते मिळणार याची आधीच खात्री असेल तर शेतकऱ्याला अडचणीच्या महिन्यांत बैल विकावा लागत नाही. माझ्या मते जुळवून घेण्याची सुरुवात तिथून होते.

आता अनुराधाताईंना एक प्रश्न. पेरणीनंतर सलग पंधरा दिवस पाऊस नाही, एवढा एकच निकष ठेवून विमा देता येईल का? आणि आला तर त्याचा हप्ता शेतकऱ्याला झेपेल का?

अनुराधा

निकष म्हणून तो चांगला आहे, कारण तो शेतकऱ्यालाही गावातल्या पर्जन्यमापकावर स्वतः तपासता येतो. हप्त्याचा हिशेब मात्र कठोर आहे. समजा असा खंड दर चार वर्षांतून एकदा पडतो. तर व्यवस्थापनाचा खर्च न धरताही हप्ता विमा रकमेच्या २५ टक्के होतो. हवामान बिघडत जाऊन तोच खंड दर तीन वर्षांनी पडू लागला तर हप्ता ३३ टक्क्यांवर जातो. म्हणजे जे नुकसान शेतकऱ्याने घडवले नाही, त्याचे बिल हप्त्याच्या रूपाने दरवर्षी वाढत्या दराने त्याच्याच हाती येते. त्यामुळे दुबार पेरणीसारखे वारंवार होणारे नुकसान विम्यावर टाकू नये. त्यासाठी दुसऱ्या पेरणीचे बियाणे आठवड्याच्या आत हातात देणारा सार्वजनिक निधी हवा, आणि तो भरण्यासाठीच हवामान वित्ताचा उपयोग व्हावा. संपूर्ण हंगाम बुडवणारा, क्वचित येणारा दुष्काळ विम्याकडे ठेवावा आणि त्याचाही हप्ता निदान अर्धा तरी सरकारने भरावा. सोबत प्रत्येक हंगामापूर्वी शेतकऱ्यांना विचारून, त्यांनी कोणते वाण किती दिवसांचे लावले आहे याची नोंद करारात नव्याने केली पाहिजे. पीक उभे असताना मान्सूनोत्तर पावसाने होणारे नुकसान यात बसत नाही. त्याचा निकष कसा ठरवावा, यावर पर्जन्यमापक यांनी लिहिले तर बरे होईल.